ती आता धावते

४ मार्च

आज ही वही आणली. दिवसभर दुसऱ्यांच्या वतीने लिहायचं, तर संध्याकाळी पान-अर्धं पान स्वतःसाठी लिहावं, एवढाच हेतू.

नोकरीला लागून चार दिवस झाले. कृत्रिम पाय बनवणारी संस्था आहे. खाली कार्यशाळा आणि पाय बसवायची खोली, वर कचेरी. माझं टेबल वरच्या खिडकीपाशी आहे. बसल्या जागेवरून रस्ता दिसतो, आणि कानशीने प्लास्टिक घासल्याचा आवाज खालून दिवसभर येत राहतो. छापखाना बंद पडेपर्यंत मी तिथे वीस वर्षं मुद्रितं तपासली, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढल्या. आता काम उलटं. दुसऱ्यांचं चांगलं शोधायचं आणि त्याबद्दल आभार मानायचे.

चिटणीसबाईंनी पहिल्याच दिवशी दोन फायली पुढे ठेवल्या, एक हिरवी, एक पांढरी. देणगीदारांची नावं त्यांनी चिठ्ठ्या टाकून दोन्हींत वाटली आहेत. पांढऱ्या फायलीतल्यांना नेहमीची छापील पावती जाणार. हिरव्या फायलीतल्यांना मी हाताने पत्र लिहायचं, सोबत फोटो. वर्षअखेरीला बघायचं, पुन्हा कोण देतं. "इतकी वर्षं जो तो सांगतो, आभार मानले की माणूस पुन्हा देतो," त्या म्हणाल्या. "एकदा खरंच कळू दे." फरक पडला तर माझी नोकरी कायम, नाही तर वर्षाची.

मला वाटलं, यात बघायचं काय? आभार कोणाला नको असतात?

९ मार्च

आज कार्यशाळेत गेले होते. चिटणीसबाई म्हणाल्या, ज्याबद्दल लिहायचं ते डोळ्यांनी बघा.

पाय बनवणाऱ्या कारागिराला इथे सगळे पायवाले काका म्हणतात. साठीचे आहेत. निळा एप्रन, कानावर पेन्सिल, बोलणं तिरकस. माझी ओळख करून दिल्यावर म्हणाले, "म्हणजे तुम्ही पत्रबाई. बरं झालं. आजवर आमचे पाय मुक्यानेच जात होते."

एका मुलीला पाय बसवत होते. दहा वर्षांची आहे. डावा पाय जन्मापासूनच गुडघ्याखाली नाही. आजवर कुबड्यांवर वाढली. त्यांच्या आवाजावरून काकांनी तिचं नाव टकटक ठेवलंय, आणि तीही त्याच नावाला ओ देते. आई एका धुलाईच्या दुकानात इस्त्री करते. अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती, सारखी घड्याळाकडे बघत होती.

उरलेला पाय ज्यात बसतो त्या भागाला काका वाटी म्हणतात. त्यांनी वाटी मुद्दाम सैल केली होती आणि मुलीच्या पायावर एकावर एक पाच जाड मोजे चढवले. मी विचारलं, मापातच का नाही केली? "पोर वाढणार ना," ते म्हणाले. "दर दोन-अडीच महिन्यांनी एक मोजा काढायचा. पाचवा निघाला की हा पाय संपला. मग नवा."

टकटक म्हणाली, "पाच मोज्यांना पाचपट वास येणार." आईने तिच्या पाठीत हलकेच धपाटा घातला आणि मग स्वतःच हसली.

गंमत वाटली. पत्रात घालावं का हे?

१६ मार्च

आज पहिलं खरं पत्र लिहिलं. टकटकचा पाय ज्यांच्या देणगीतून झाला ते निवृत्त बसचालक आहेत. नऊ वर्षं, दर नोव्हेंबरात, न चुकता एका पायाचे पैसे पाठवतात. सोबत कधी चिठ्ठी नाही, कधी काही विचारणा नाही. यंदा चिठ्ठीत त्यांचं नाव हिरव्या फायलीत आलं.

आधी फोटो काढला. मागच्या अंगणात टकटक भिंत धरून चालत होती. दर पावलाला ओठ दाताखाली. तसा फोटो काढला तर बघणाऱ्याला वाईटच वाटलं असतं. मग काकांनी मागून तिच्या काखेत हात घातले, एक दोन तीन म्हणून तिला उचललं आणि पुढे झुलवलं. ती खदखदून हसली, वेणी उडाली, दोन्ही पाय हवेत. तोच क्षण मिळाला. कडेला काकांची निळी बाही आली होती, ती कापून टाकली.

पत्राचे दोन मसुदे फसले. तिसरा उतरला. शेवटी लिहिलं, "कुबड्यांच्या आवाजाने ओळखली जाणारी ही मुलगी आता धावते. तुमच्यामुळे धावते." दोनदा मोठ्याने वाचून बघितलं.

काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला. मला वाटलं, भरून आलं. ते म्हणाले, "धावते? चालते लिहा. तेही भिंत धरून. आणि मोज्यांचं लिहा, की हा पाय वर्षभरच पुरेल."

मी मोज्यांचं एक वाक्य घातलं होतंच, पण चिटणीसबाईंनी काट मारली. म्हणाल्या, आभाराच्या पत्रात पुढचं गाऱ्हाणं शोभत नाही. "जेवायला बसलेल्या माणसाला आपण पुढच्या महिन्याचा घरखर्च सांगतो का?"

मला पटलं. मागणं आणि आभार एका पाकिटात घालू नयेत. तेवढी रीत आपल्याला असावी. "धावते" मात्र मी ठेवलं. एका शब्दाने कोणाचं काय बिघडतं, आणि किती चांगलं वाटतं वाचायला.

२३ मार्च, रविवार

दादाकडे गेले होते, बाबांना बघायला. बाबांची डावी बाजू गेल्याला आता अडीच वर्षं होतील. दादा फिरतीवर असतो, तेव्हा सगळं वहिनीवरच. कूस बदलणं, भरवणं, चादरी. मी रविवारी जाते, बाबांना पेपर वाचून दाखवते.

कामावरचा हात चालला होता, म्हणून वहिनीलाही एक पत्र लिहून नेलं. चांगल्या कागदावर. तिच्याइतकं कोणी केलं नसतं, ती आहे म्हणून मी निर्धास्त झोपते, असं सगळं. तिने उभ्याउभ्या वाचलं, घडी घातली आणि मिठाच्या बरणीखाली ठेवलं. भरून आलं असणार.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "ताई, आज किती वाजेपर्यंत आहात?"

"चारची बस आहे मला."

"बरं," म्हणाली, आणि बाबांचं भांडं घेऊन आत गेली.

१४ एप्रिल

बसचालकांचं उत्तर आलं. वहीच्या पानावर, मोठ्या जपून काढलेल्या अक्षरांत. "पत्र पोचलं. फोटो पोचला. फोटोला चौकट करून घेतली. मुलीला आशीर्वाद सांगा. माझं काम झालं."

चिटणीसबाईंनी सगळ्यांना वाचून दाखवलं आणि फळ्यावर लावलं. नऊ वर्षांत या माणसाने एक शब्द लिहिला नव्हता. "बघा, आभारांची ताकद," त्या म्हणाल्या. मला दिवसभर तरंगल्यासारखं वाटत होतं. किती विनयशील माणूस. एवढं देऊन म्हणतो काय, तर माझं काम झालं.

काका फळ्यापुढे जरा वेळ उभे होते. मग खाली गेले.

२ जून

टकटकचा पहिला मोजा निघाला. भिंत सोडून चालते आता. चाल वाकडी आहे, पण हात मोकळे. शाळेत स्वतःचं दप्तर स्वतः नेते हे तिने मला तीनदा सांगितलं. आजवर ते दुसऱ्या मुली न्यायच्या, आणि डब्यातलं खाऊन टाकायच्या.

आईला विचारलं, कुबड्या काय केल्या? म्हणाली, "माळ्यावर टाकल्या. ती म्हणत होती मोडून टाका. मी म्हटलं राहू देत."

या आठवड्यात एकवीस पत्रं लिहिली. प्रत्येक वेगळं. चिटणीसबाई म्हणतात, माझ्या पत्रांचा बोलबाला होतोय.

१९ ऑगस्ट

तिसरा मोजा निघाला. इतक्या लवकर नको होता. काका कुरकुरत होते, "काय खायला घालता हिला? जरा बेताने वाढ की." टकटकने गंभीर तोंडाने विचारलं, कमी जेवले तर पाय पुरेल का? काकांची थट्टा तिथेच आटली. त्यांनी तिला जवळ घेतलं आणि म्हणाले, "तू जेव. पायाचं मी बघतो."

वाटीखालची नळी लांबवता येते, त्यांनी मला नंतर सांगितलं. खाली आतून पेच आहे. वाटी मात्र मोठी करता येत नाही, आतून थोडी घासता येते तेवढीच. आणि इथला नियम असा, की ज्यांना एकही पाय मिळालेला नाही त्यांचा नंबर आधी. दुसरा पाय हवा असेल तर यादीच्या शेवटी जायचं, नाही तर ज्याने पहिला दिला त्यानेच पुन्हा द्यायचा. यादी दीड-दोन वर्षांची आहे.

म्हटलं, बसचालक आहेत की. दर नोव्हेंबरात देतात. आणि यंदा तर आपण त्यांचे इतके आभार मानलेत.

काका म्हणाले, "तेच म्हणतोय."

काय म्हणत होते, कळलं नाही. कानस चालू झाली.

२८ सप्टेंबर, रविवार

आज मन दुखावून परत आले. बाबांच्या पाठीला जखम झाली होती. वहिनी ती साफ करत होती, मी दिवा धरून उभी होते. मी मनापासून म्हटलं, "वहिनी, तुझे उपकार कसे फेडू, कळत नाही."

तिने मान वर केली नाही. म्हणाली, "ताई, तुम्ही आभार मानायला लागलात की वाटतं, आता अजून एक वर्ष."

बसमध्ये बसल्यावर राग आला. आभार मानायचेही नाहीत? न मानणारी माणसं काय थोडी आहेत? तिची चिडचिड होत असेल, जागरणं असतात. जाऊ दे. पुढच्या वेळी तिच्यासाठी एखादी छान पर्स नेईन.

१० नोव्हेंबर

पाचवा मोजा काल निघाला. आज टकटक आली तर वाटीच्या काठाला रक्त होतं. तिने दोन दिवस कोणाला सांगितलं नव्हतं. काकांनी वाटी आतून घासली, अजून घासली, शेवटी उजेडाकडे धरून म्हणाले, आता आरपार दिसायला लागलं.

बसचालकांची देणगी दरवर्षी पहिल्या आठवड्यात येते. आली नाही. उद्या येईल.

२१ नोव्हेंबर

आली नाही. चिटणीसबाईंनी नेहमीचं छापील स्मरणपत्र पाठवलं होतं, त्याला आज दोन ओळी आल्या. "मुलगी धावू लागली. आता माझ्याकडून एवढंच. संस्थेचं भलं होवो."

मी ते कार्ड घेऊन खाली गेले. काका एका साच्यात प्लॅस्टर ओतत होते. वाचून त्यांनी कार्ड माझ्या हातात परत दिलं, प्लॅस्टरचा अंगठा त्यावर उमटला. "पत्रबाई, तुमचं अक्षर फार चांगलं आहे," ते म्हणाले. "वाचल्यावर काही करायचं उरत नाही."

दिवसभर ते वाक्य कानात आहे. मी हट्टाने म्हणतेय की ते चूक आहे. चांगल्या शब्दाने वाईट कसं होईल? तरी मार्चमधल्या पत्राची नक्कल काढून वाचली. मुद्रित वाचल्यासारखी, एकेका शब्दावर पेन्सिल ठेवून. संपूर्ण पत्रात उद्या कुठेच नाही. पाय मिळाला, मुलगी धावली, पूर्णविराम. कोणीही वाचून सुटकेचा श्वास टाकेल आणि पत्र कपाटात ठेवेल.

चिटणीसबाईंना म्हटलं, मी त्यांच्याकडे जाऊन खरं काय ते सांगते. त्या म्हणाल्या, "संस्थेच्या वतीने नाही. तुमच्या वतीने जा."

३० नोव्हेंबर, रविवार

बाबांकडे गेले नाही. बसचालकांकडे गेले. जे झालं ते जसंच्या तसं लिहायचा प्रयत्न करते.

चौथ्या मजल्यावर एकच खोली, कोपऱ्यात ओटा. सगळं नीटनेटकं, एकट्या पुरुषाचं. उंच, वाकलेला माणूस. मी संस्थेतून आले म्हटल्यावर त्यांनी दोन खुर्च्यांतली न डुगडुगणारी मला दिली. भिंतीवर घड्याळाची जागा मोकळी करून तिथे टकटकचा फोटो लावला होता. घड्याळ खाली ओट्यावर चालत होतं.

पत्र मीच लिहिलं हे कळल्यावर ते बोलायला लागले. मला मध्ये बोलायला जागाच सापडली नाही. खरं म्हणजे सापडली असती.

बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या बसखाली एक मुलगा आला. थांबलेल्या ट्रकमागून एकदम पळत आला. वाचला, पण पाय गेला. चौकशी झाली. "मी सुटलो," ते म्हणाले. "साहेबांनी सांगितलं, तुझी चूक नाही. मुलाच्या आईने मात्र काहीच म्हटलं नाही. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं." पुढे ते कुटुंब कुठे गेलं, त्यांना शोधूनही कळलं नाही.

तेव्हापासून त्यांना रस्ता ओलांडता येईना. बस चालवायचे, पण पायी असले की कडेला उभे राहायचे. रिकामा रस्ता असला तरी दहा-दहा मिनिटं. लोक हसायचे. निवृत्त झाल्यावर पेन्शनमधून पायाचे पैसे पाठवायला लागले. "पावती यायची. पावतीवर लिहिलेलं, एक पाय. मी विचार करायचो, कोणाचा? चालतो का तो? पुढच्या वर्षी पुन्हा पाठवायचो."

मग त्यांनी फोटोकडे बघितलं. "हिचे दोन्ही पाय हवेत आहेत. बघितलंत? तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी ब्रेड आणायला पलीकडे गेलो. दुकानात पोचल्यावर लक्षात आलं, आज मी थांबलोच नाही."

मी बसमध्ये तीन वाक्यं पाठ करून आणली होती. ती धावत नाही. पाय लहान झाला आहे. तुम्ही पुन्हा मदत कराल का? तिन्ही जिभेवर होती. तेवढ्यात ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तुमचे फार उपकार झाले. त्या पत्रासाठी मी तुमचा जन्मभर ऋणी आहे."

ती वाक्यं तशीच राहिली. चहा प्यायले. चांगला होता म्हटलं. मला स्टॉपपर्यंत सोडायला ते खाली आले. स्टॉप रस्त्यापलीकडे होता. बोलता बोलता ते सरळ पलीकडे निघून गेले, आणि मीच अलीकडे राहिले, दोन्हीकडे बघत.

आता कळतंय वहिनी मान वर का करत नव्हती. ज्याचे आभार मानतात, त्याला नाही म्हणायची सोय उरत नाही.

५ डिसेंबर

सकाळी जिन्यावर आवाज आला. टक, टक. मी न बघताच ओळखला.

ती कुबड्यांवर वर आली होती, पाय काखेत धरून, छत्री धरावी तसा. काकांनी सांगितलं होतं, जखम भरेपर्यंत घालायचा नाही, आणि भरल्यावर तर बसणारच नाही. दप्तर पुन्हा दुसऱ्या मुली नेतात. तिने माझ्या टेबलावर पाय ठेवला आणि विचारलं, "या वेळी पत्र नाही का लिहायचं? मागच्या वेळी तुम्ही पत्र लिहिलंत तेव्हा सगळे खूश झाले होते."

आई दाराशी उभी होती. तिच्या मनगटावर इस्त्रीचा ताजा डाग होता. मी यादीत तिचं नाव दाखवलं, खालून दुसरं. तिने मान हलवली, जणू मी काहीतरी दिलं होतं, आणि म्हणाली, "तुमचे आभार." मला ते झेलवलं नाही.

दुपारी चिटणीसबाईंनी दोन्ही फायली शेजारी शेजारी लावल्या. हिरवीतले जितके पुन्हा आले, पांढरीतलेही जवळजवळ तितकेच. "फरक शून्य," त्या म्हणाल्या. आवाजात विजय नव्हता. फायलींवर हात ठेवून बसून राहिल्या. "मला वाटलं होतं पडेल. तुमचे कष्ट वाया गेले." नोकरीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही. फेब्रुवारीपर्यंत आहे.

शून्य म्हणजे कोणी जास्त दिलं, कोणी थांबलं, आणि बेरीज सारखी आली. त्या बेरजेत चौथ्या मजल्यावरची ती खोली कुठे असेल?

१० डिसेंबर

पाच दिवस दोन पारड्यांत घालून बघतेय. एका पारड्यात म्हाताऱ्या माणसाची शांती, बावीस वर्षांनी आलेली. दुसऱ्यात टकटकची दीड-दोन वर्षं. माझे साठवलेले पैसे काढावेत असंही आलं मनात. हिशेब करून बघितला. बाबांच्या औषधांसाठी ठेवलेले आहेत, तेही पुरत नाहीत. शिवाय खरं सांगायचं तर ते करून मी फक्त माझं खोटं विकत घेतलं असतं. पुढच्या वर्षी पुन्हा पाच मोजे.

तिला वाढायचं आहे. त्यांना विसरायचं आहे. दोघांच्या मध्ये माझा एक शब्द उभा आहे, आणि तो मी हौसेने लिहिला.

१२ डिसेंबर

पत्र टाकलं. नक्कल ठेवली नाही, पण पाठ आहे.

"मी मार्चमध्ये लिहिलं ती धावते. ते खरं नव्हतं. फोटोत कारागिराने तिला उचललं आहे, त्यांचे हात मी कापले. तुमच्या पायावर ती आठ महिने चालली, स्वतःचं दप्तर स्वतः नेत होती. तेवढं खरं आहे. आता पाय लहान झाला आहे आणि ती पुन्हा कुबड्यांवर आहे. लहान मुलांचे पाय असे दरवर्षी संपतात. हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं. ती दर शुक्रवारी दुपारी जखम दाखवायला येते."

आभार कुठेच लिहिले नाहीत. पेटीत टाकल्यावर हात आत घालून ते परत काढावंसं वाटलं. फट अरुंद होती.

१४ डिसेंबर, रविवार

दादाकडे कपड्यांची पिशवी घेऊनच गेले. वहिनीला म्हटलं, मी आठ दिवस इथे राहते, कामावर इथूनच जाईन, दुपारपुरती एक बाई ठरवलीय. तू बहिणीकडे जाऊन ये. वाटलं होतं, ती नको नको म्हणेल, मग मी आग्रह करीन.

तिने माझ्याकडे बघितलं, आत गेली आणि दाराआडून पिशवी घेऊन आली. भरलेली होती. केव्हापासून, देव जाणे. वरच्या कपड्यावर धूळ होती.

चपला घालताना फक्त म्हणाली, "साडेतीनला कूस बदला. डाव्या खांद्याखाली उशी."

चारची बस माझ्याशिवाय गेली. बाबांची चादर दोनदा बदलली. दुसऱ्यांदा धुताना मिठाच्या बरणीखाली माझं मार्चमधलं पत्र दिसलं. त्यावर वहिनीने दुधाचा हिशेब लिहिला होता. बरं वाटलं. कशाला तरी उपयोगी पडलं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

आले.

दुपारी खालून काकांनी हाक मारली. खाली गेले तर बसचालक दारात उभे होते, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली चौकट. दाढी वाढलेली. मला ओळख दाखवली नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही दाखवली नसती.

टकटक बाकावर बसली होती, आई तिच्या पायाला मलम लावत होती. काकांनी हळूच विचारलं, "जुना पाय घालून दोन पावलं चालून दाखवायला सांगू?" ते म्हणाले, "नको. तिला दुखेल."

त्यांनी कागद सोडून फोटो तिच्यापुढे धरला. तिने लगेच ओळखला. "हा माझा फोटो. यात काकांनी मला उचललंय. इथे त्यांचे हात होते, मला इतक्या गुदगुल्या झाल्या की बस." तिने काचेवर बोट ठेवून जागा दाखवली. त्यांनी त्या जागेकडे बराच वेळ बघितलं. "हो का," म्हणाले. मग विचारलं, "दप्तर नेत होतीस ना?"

"हो. एकटीने. डबासुद्धा."

त्यांनी मान हलवली. खिशातून पाकीट काढून काकांच्या बाकावर, कानशींच्या शेजारी ठेवलं. "नवा किती दिवस?"

"वर्ष," काका म्हणाले. "हिच्या वाढीने कमीच."

आई उठून उभी राहिली, पण तिने काही बोलायच्या आत त्यांनी हात वर केला. मग पहिल्यांदा माझ्याकडे वळले. डोळे लाल होते. म्हणाले, "मला पत्र पाठवू नका. पाय लहान झाला की कळवा."

मी हो म्हटलं. फेब्रुवारीनंतर मी इथे नसेन, हे सांगितलं नाही. टपालपेटी कुठेही सापडते. टकटकच्या आईकडून मोजे मोजून घेत जाईन.

ते गेल्यावर काकांनी प्लॅस्टरची पट्टी भिजत घातली. मी वर येऊन खिडकीशी बसले. फोटो ते खालच्या टेबलावर पालथा ठेवून गेले होते, तो मी वर आणला होता. कुठे ठेवायचा ते सुचेना.

खाली ते रस्त्याच्या कडेला उभे होते. रस्ता रिकामा होता. एक सायकल गेली, मग पुन्हा रिकामा. ते एक पाऊल पुढे टाकायचे, मागे घ्यायचे. मी घड्याळाकडे बघायचं टाळलं. मीच खाली जायला हवं होतं. पण मी गेले असते तर त्यांनी तोंड फिरवलं असतं, असं मनाला सांगत बसून राहिले.

शेवटी खालच्या दारातून निळा एप्रन बाहेर पडला. काकांचे हात पांढरे होते, प्लॅस्टरने भरलेले. त्यांनी हात न लावता कोपराने त्यांच्या कोपराला आधार दिला आणि दोघं सावकाश पलीकडे गेले. पलीकडे पोचल्यावर क्षणभर थांबले, काहीतरी बोलले. त्यांनी काकांचे आभार मानले की नाही, ते वरून कळलं नाही.